नापास मालाचा खोका

ता. ४, बुधवार

कारखान्यातून निघताना मी दोन वस्तू घरी आणल्या. एक माझा 'नापास'चा शिक्का. तो त्यांनी निरोपाच्या कार्यक्रमात लाल फीत बांधून मला भेट दिला. दुसरी ही कोरी नामंजुरी-वही, ती मी कोणाला न विचारता पिशवीत घातली. एकोणतीस वर्षं मी कुलपं तपासली. आता ते काम भिंतीवर बसवलेला कॅमेरा करतो. कॅमेऱ्याला जेवणाची सुट्टी लागत नाही, असं साहेब भाषणात म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याला दोन महिने झाले. घरात तपासण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. दारांच्या बिजागऱ्या झाल्या, कपबश्या झाल्या, सासूबाईंचा चष्मा झाला. म्हणून सकाळी बायको म्हणाली की कॉम्प्युटर बिघडलाय, तेव्हा, खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

तक्रार अशी. चालू केला की तो मध्येच अडतो, तारीख विचारतो, आणि स्वतः पंधरा वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. बायको चार शाळांची वेळापत्रकं बनवते. कोणत्या वर्गावर कोणत्या तासाला कोणते शिक्षक, याचा मेळ घालण्याचा प्रोग्रॅम त्यात आहे. तो गणिताच्या एका सरांनी लिहिला होता. ते सर हल्ली कुठे असतात कोणाला ठाऊक नाही. शाळा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उघडतात. वेळापत्रकं शनिवारी, अठ्ठावीस तारखेपर्यंत पोचली पाहिजेत. नाही पोचली तर चारही शाळा एका कंपनीकडे जातील. ती कंपनी दोन वर्षं टपून बसली आहे. बायकोचं अकरा वर्षांचं काम आहे.

मी म्हटलं, माझ्यावर सोड. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बरं म्हणाली.

ता. ५, गुरुवार

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून कॉम्प्युटर उघडला. निदान अर्ध्या तासात झालं. दोष मदरबोर्डाचा. सगळे भाग त्याच्यावरच बसतात, सगळ्या तारा त्यालाच येऊन मिळतात, आणि आज वार कोणता हे त्यालाच कळत नाही. नवा घ्यायला हवा.

बायकोने हळूच विचारलं, "नव्या बोर्डावर माझा प्रोग्रॅम चालेल का?" मी सांगितलं की चांगल्या बोर्डावर सगळं चालतं. तिने हार्ड डिस्क उचलली आणि ही मी जपून ठेवते म्हणाली. त्यातच तिचं सगळं आहे, ठेवू दे.

बोर्डाला रीतसर लेबल लावलं. इथेही उतरवून ठेवतो: "मदरबोर्ड. सहा स्क्रूंनी कॅबिनेटच्या उजव्या पत्र्याला. पैकी खालचा मधला आखूड. पंख्याची काळी-लाल तार वरच्या डाव्या खुंटीला, खुंटी सैल. कडेला बटणाएवढा सेल, चकाकी गेलेली. वेळेचं भान नाही. नापास." शिक्का मारला. दोन महिन्यांनी तो आवाज ऐकून हात हलका झाला.

मग जिन्याखाली एक खोका ठेवला आणि घरातल्यांना कारखान्याचा नियम समजावला. नापास माल खोक्यात गेला की तपासनिसाने त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही. बघितलं की मन द्रवतं, आणि द्रवलेल्या मनाचं कुलूप कोणाच्याही किल्लीने उघडतं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "अजिबात बघायचं नाही?" मी म्हटलं, अजिबात नाही.

सासूबाई सहा वर्षं आमच्याकडे असतात. तरुणपणी त्या रेडिओच्या कारखान्यात जोडणीवर होत्या. म्हणजे त्या जोडायच्या आणि माझ्यासारखा कोणीतरी नापास करायचा. आमचं फारसं बोलणं होत नाही, त्याचं मूळ तिथेच असावं.

ता. ६, शुक्रवार

दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, शांत माणूस आहे, मनगटावर रबरबँड चढवून बसतो. त्याने एक धक्कादायक गोष्ट सांगितली. नवा बोर्ड घेतला तर जुना प्रोसेसर त्याच्यावर बसणार नाही. नवा प्रोसेसर घेतला तर जुनी रॅम चालणार नाही. कॅबिनेटचंही सांगता येत नाही. मी विचारलं, मग जुन्यातलं राहतं काय? तो म्हणाला, तुम्ही राहता.

पहिला बोर्ड घरी आणला. खोक्यावर ज्वाला ओकणाऱ्या प्राण्याचं चित्र होतं. ज्या मालाच्या वेष्टनावर जनावर छापावं लागतं, त्या मालात काहीतरी लपवायचं असतं. न उघडताच नापास. दुकानात परत दिला.

घरी येऊन जुनी रॅम आणि प्रोसेसर नापास करून खोक्यात टाकले. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, लेबलावर अक्षर जरा मोठं काढत जा." सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामात रस घेतला. आता मोठं काढतो आहे.

ता. ८, रविवार

स्वयंपाकघरातला वजनकाटा बंद पडला. उघडून बघतो तर आत सेलच नाही. सेल न घालता काटा कारखान्यातून बाहेर पडतो आणि चार वर्षं घरात राहतो, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बायको म्हणाली, आश्चर्यच आहे. काटा नापास.

ता. १०, मंगळवार

दुसरा बोर्ड. त्यावर दिवे आहेत. चालू केला की लाल, निळे, हिरवे दिवे आळीपाळीने लागतात. दुकानदाराला कारण विचारलं तर म्हणाला, लोकांना आवडतं. बंद कॅबिनेटच्या आत लागणारे दिवे लोकांना कसे आवडतात? यावर त्याने कॅबिनेटला काचेची भिंत मिळते असं सांगितलं. म्हणजे आधी दिवे लावायचे आणि मग ते दिसावेत म्हणून भिंत पाडायची. नापास.

तिसरा बोर्ड. व्हर्निअर कॅलिपरने स्क्रूच्या भोकांची अंतरं मोजली. एक भोक दोन दशांश मिलिमीटरने सरकलेलं. दुकानदार म्हणाला की स्क्रूला तेवढी सूट ठेवलेली असते. सूट! कुलपाला तेवढी सूट ठेवली असती तर आज शहरात एकही दार बंद राहिलं नसतं. नापास.

बायको घाई करू नका म्हणाली. नीट बघूनच घ्या. मग चहा देताना विचारलं, "त्या पॉवर सप्लायची नामंजुरी अजून झाली नाही वाटतं?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या कामाची अशी चौकशी तिने कधी केली नव्हती. मी ताबडतोब पॉवर सप्लाय नापास केला. तिने तो स्वतः उचलून खोक्यापर्यंत नेला.

ता. १२, गुरुवार

चौथा बोर्ड बरा होता. त्याच्या माहितीपुस्तिकेत अकरा भाषा आहेत. पाच ठिकाणी स्क्रू सहा म्हटलेत, चार ठिकाणी आठ, आणि दोन भाषांना स्क्रूच नाहीत. नापास.

दुपारी जुनं कॅबिनेट, पंखा आणि पिवळा पडलेला मॉनिटर नापास केला. मॉनिटर खोक्यात मावत नाही, म्हणून खोक्याशेजारी ठेवला. संध्याकाळी टेबल एकदम मोकळं दिसलं. त्यावर आता फक्त मी आणि वही.

रात्री सासूबाईंच्या खोलीतून बारीक घुर्र आवाज येऊ लागला. बायकोला विचारलं. म्हणाली, आईला वाफ घ्यायचं मशीन आणलंय. तिला सोबत म्हणून बायको उद्यापासून दुपारी चार-चार तास तिथेच बसणार आहे. म्हाताऱ्या आईची इतकी काळजी घेणारी मुलगी आजकाल विरळाच. मात्र वेळापत्रकांचं काय होणार, हे माझ्या एकट्याच्याच डोक्याला आहे असं दिसतं.

ता. १५, रविवार

दुकान बंद. दिवस वाया.

ता. १७, मंगळवार

आज विचित्र प्रकार घडला. मी दुकानातच सहावा बोर्ड तपासत होतो, तर दोन गिऱ्हाइकं मागे थांबून ऐकू लागली. मी सात दोष काढले. त्यातला एक जण म्हणाला, "सातच? मग द्या मला हा." आणि घेऊन गेला. मी त्याला समजावायला रस्त्यापर्यंत गेलो. त्याने माझे आभार मानले.

दुकानदाराने मला एक स्टूल दिलं आहे. तुमचा वेळ जातो आणि माझा माल जातो, असं म्हणाला.

ता. १९, गुरुवार

स्टुलावर बसून दिवसभरात अकरा बोर्ड नापास केले. अकराही विकले गेले. दुकानदार आता माझ्या शेऱ्याचा कागदच बोर्डाच्या खोक्यावर चिकटवतो. एक बाई रागावून आल्या होत्या. त्यांनी आधीच्या आठवड्यात घेतलेला बोर्ड नापास न करता विकला गेला होता, त्यामुळे त्यात काय काय आहे ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांच्यासाठी तोही नापास केला. त्या समाधानाने घरी गेल्या.

मला हे काही समजत नाही. मी वाईट म्हणतो ते लोक आनंदाने घेतात. कारखान्यात असं घडलं असतं तर कॅमेरा आलाच नसता.

घरी येताना बायकोने दाण्यांची पुडी आणायला सांगितली होती. पण आलो तर घरातच दाणे एका छापील कागदावर निवडून ठेवलेले दिसले. कागदावर रकाने होते. सोमवार ते शनिवार, तास एक ते आठ. रकान्यांच्या रेघा अगदी सरळ, अक्षरं ठळक, एकही ओळ वाकडी नाही. कोण छापतं इतकं नीट? आपल्या प्रिंटरला असं कधी जमलं नव्हतं, म्हणून तर तो तेरा तारखेला नापास केला.

ता. २१, शनिवार

सात दिवस राहिले. आज बायकोसमोर बसून सांगितलं की मला भीती वाटते. तेवीस बोर्ड तपासले आणि एकही हातात नाही. ती म्हणाली, होईल हो सगळं. तिच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नव्हती. माझ्यावर एवढा विश्वास मी स्वतःही ठेवत नाही.

ता. २४, मंगळवार

दुकानदाराने आज शटर अर्धं ओढलं, माझ्यासमोर बसला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही आजवर एखादी वस्तू पास केलीत का हो?"

मी आठवून बघितलं. पासचा शिक्का आमच्या खात्यात नव्हताच. मी जे परत करत नसे ते पट्ट्यावरून आपोआप पुढे जायचं. कोणतंही कुलूप हातात घेऊन मी "हे चांगलं आहे" असं कधी म्हटलेलं नाही. एकोणतीस वर्षांत नाही, आणि घरीही नाही. बायकोने पहिलं वेळापत्रक केलं तेव्हा कौतुकाने माझ्यापुढे ठेवलं होतं. मी समास कमी सोडला आहे एवढंच म्हणालो. त्यानंतर तिने एकही दाखवलं नाही. मला वाटायचं, समास सुधारला असेल.

फार वाईट वाटलं. स्टुलावरून उठलो आणि ज्यात सगळ्यात कमी, म्हणजे चारच दोष होते, तो बोर्ड उचलला. सोबत प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, जे जे लागतं ते सगळं. वहीत पेनानेच "पास" लिहिलं. या शब्दाची हाताला सवय नाही, पण प आणि स ओळखता येतात.

ता. २६, गुरुवार

दोन दिवस लागले, पण नवा कॉम्प्युटर सुरू झाला. तारीख बरोबर, वार बरोबर. टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. बायकोला हाक मारली. तिने बघितलं, छान आहे म्हणाली, आणि मला कळेना की तिचा आवाज असा का पडला. प्रोग्रॅम मागितला तर म्हणाली, आज राहू दे, उद्या देते.

ता. २७, शुक्रवार

सकाळी तिने पेन ड्राइव्ह दिला आणि आईच्या खोलीत बसते म्हणून आत गेली. मी प्रोग्रॅम घातला. उघडला नाही. पुन्हा घातला. या मशीनवर हा प्रोग्रॅम चालू शकत नाही, अशी एक ओळ आली. बारा वाजेपर्यंत ती ओळ मी एकोणीस वेळा वाचली.

उद्या अठ्ठावीस. चार शाळा, नव्वद शिक्षक, आणि कोणी कुठल्या वर्गात जायचं हे कोणालाच ठाऊक नाही. अकरा वर्षांचं तिचं काम मी तीन आठवडे टेबलावर मांडून बसलो आणि शेवटी मातीत घातलं. कॅमेऱ्याने मला काढलं तेव्हा इतकं लागलं नव्हतं. तोंड धुतलं आणि तिला सांगायला सासूबाईंच्या खोलीत गेलो.

दार ढकललं. खिडकीपाशी शिवणाच्या टेबलावर आमचा जुना कॉम्प्युटर चालू होता. पिवळा मॉनिटर, त्यावर माझं लेबल. कॅबिनेट, त्यावर माझं लेबल. झाकण काढलेलं होतं, आत पंखा फिरत होता, आणि जिथे नजर जाईल तिथे लाल शिक्का, नापास, नापास, नापास. बायको समोर बसली होती. प्रिंटर घुर्र करून कागद बाहेर काढत होता. सासूबाईंच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. वाफेचं मशीन कुठेही नव्हतं.

प्रिंटरने आणखी दोन कागद काढले.

मग सासूबाईंनी सांगितलं. बिघाड एवढाच होता की बोर्डावरचा बटणाएवढा सेल संपला होता. तो गेला की बोर्ड तारीख विसरतो. वजनकाट्यातला सेल त्याच मापाचा होता, तो काढून बसवला. जोडताना अडचण आली का, असं मी विचारलं. का विचारलं माहीत नाही, सवयीने विचारलं. त्या म्हणाल्या, "अडचण कसली. कुठला स्क्रू आखूड, कुठली तार कुठल्या खुंटीला, सगळं तुम्हीच लिहून ठेवलंत. रेडिओच्या कारखान्यात एवढा नीट कागद मला एकदाही मिळाला नाही."

मी बायकोला विचारलं की मला का नाही सांगितलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. तिने मान वर केली नाही. म्हणाली, एका शाळेच्या नव्या कॉम्प्युटरवर तिने प्रोग्रॅम गेल्याच वर्षी घालून बघितला होता. चालला नव्हता. "सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा नुसते बसून राहिला असता. दोन महिने बघत होते मी. त्या दिवशी चादर पसरलीत तेव्हा पहिल्यांदा चेहऱ्यावर जरा रंग आला."

मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. खाली बसायला जागा नव्हती म्हणून पलंगाच्या कडेवर बसलो. तिने चौथ्या शाळेचा कागद प्रिंटरमधून काढला, जरा थांबली आणि माझ्या हातात दिला.

अकरा वर्षांनी. समास बघितला. भरपूर होता.

मी पूर्ण वाचला. मग शिक्षकांची यादी मागितली आणि तीही वाचली. वीस मिनिटं लागली. बायको नखं खात होती. गुरुवारी चौथ्या तासाला खेळाचे सर मैदानावर होते आणि बागकामाचे सर बागेत. यादीत दोघांचा फोन नंबर एकच होता. तो एकच माणूस आहे. प्रोग्रॅमला ते दिसणं शक्य नव्हतं, त्याच्या लेखी ते दोघे.

मी बोट ठेवून दाखवलं आणि लगेच घाबरलो, की झालं, पुन्हा तेच केलं मी. म्हणून घाईघाईने म्हणालो, "बाकी सगळं चांगलं आहे. फार चांगलं आहे."

बायकोने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग खुर्ची सरकवली आणि बाकीच्या तीन शाळांचे कागद माझ्या मांडीवर ठेवले.

ता. २८, शनिवार

चारही वेळापत्रकं पोचली. आणखी एक चूक सापडली होती, संगीताच्या बाईंना शनिवारी जेवणाची सुट्टीच नव्हती. आता त्यांना सुट्टी आहे.

नव्या कॉम्प्युटरचं काय करायचं हा प्रश्न होता. आयुष्यात पास केलेली एकुलती एक वस्तू. लेबल लिहायला तासभर लागला. "चालतो. तारीख बरोबर. आमचं काम करत नाही. नापास." अक्षर मोठं काढलं.

ता. ३०, सोमवार

जिन्याखालचा खोका सकाळपासून रिकामा आहे. सासूबाईंच्या खोलीतून आता दोन प्रकारचे घुर्र आवाज येतात. मी बघितलं नाही. नियम तो नियम.

दुपारी दुकानात निघालो, तर माझ्या सदऱ्याच्या पाठीवर काहीतरी चिकटवलेलं आहे असं बायको म्हणाली आणि आत पळाली. काढून बघितलं. लेबल होतं. अक्षर सासूबाईंचं, भलंमोठं. जसंच्या तसं उतरवतो:

"जावई. एक नग. जागा: जेवणाच्या टेबलाची डावी बाजू. कुरकुर करतो. दिसेल ते उघडतो. चांगलं म्हणायला अकरा वर्षं घेतो. नापास." खाली माझाच शिक्का, जरा तिरका मारलेला.

मी लेबल दोनदा तपासलं. दोषांपैकी एकही खोटा नव्हता. मग नियमाप्रमाणे जिन्याखाली गेलो आणि खोक्याशेजारी उभा राहिलो.

पाचेक मिनिटांनी सासूबाई आल्या. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. "चला," म्हणाल्या, "आत काम आहे."